सुटलेल्यांची मोजदाद

कॉव्हेंट्री,
१९ फेब्रुवारी १९८४

चि. फिंटनस, ताईचे अनेक आशीर्वाद.

परवा सुखरूप पोचले. आईने बळेच पिशवीत कोंबलेल्या सोडा ब्रेडचा वाटेत पार चुरा झाला. तरी आमच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या मुलींनी तो चमच्याने खाल्ला आणि आईला दुवा दिला. तिला सांग.

घरी चार दिवस होते, पण तू माझ्याशी धड बोलला नाहीस. मीही तोंड उघडलं नाही. घर माणसांनी भरलेलं, आणि जो तो चहाचा कप हातात घेऊन विचारायचा की डिम्फना बापाच्या मातीला वेळेवर का नाही पोचली. मी सगळ्यांना एकच सांगत होते, बोट चुकली. तेव्हा तू गोठ्याच्या दारातून म्हणालास की अशा दिवशी जिची बोट चुकते तिने पोहत यायचं. ते लागलं रे. म्हणून आता खरं लिहिते. आईला इतक्यात सांगू नकोस.

तुझी तार मिळाल्याबरोबर निघाले आणि दुपारच्या बोटीला तासभर अवकाश असताना बंदरावर पोचले. रांग पुढे सरकत होती. माझ्या पुढचे मायलेक गेले. मी तिकीट दाखवलं, नाव सांगितलं आणि तोंडातून आपले आयरिश उच्चार बाहेर पडले मात्र, टेबलामागच्या माणसाने मला बाजूला बोलावलं. पोरगेलासाच होता, बोलायला अगदी सभ्य. एका खोलीत नेलं. मी तार दाखवली. तो म्हणाला की तार काय, कुणीही कुणालाही पाठवू शकतं. मग प्रश्न सुरू झाले. वडिलांचं नाव, आईचं माहेरचं आडनाव, भाऊ काय करतो, कुणाबरोबर ऊठबस करतो, मत कुणाला देतो, मयताच्या घरी कोण कोण येणार. मी विचारलं की याचा माझ्या बापाच्या मरणाशी काय संबंध, तर दुसरा एकजण भिंतीला टेकून उभा होता, तो म्हणाला की बाई, उत्तर न देणं हाच इथे गुन्हा आहे. संशय असायलाच पाहिजे असंही नाही. कायदाच तसा आहे.

मी सगळी उत्तरं दिली. तुझीसुद्धा माहिती दिली, फिंटन. आमच्या मुलींनी बाबांच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सेची प्रार्थना सांगून निघताना कार्ड दिलं होतं, ते पाकीट फोडून त्यांनी वीसच्या वीस सह्या वाचल्या. खिडकीतून बोट हलताना दिसली. ती दिसेनाशी झाल्यावर त्या पोराने पिशवी माझ्यासमोर ठेवली आणि तुमच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत असं म्हणाला. निघाल्यापासून माझं सांत्वन करणारा पहिला माणूस तो.

पुढच्या बोटीने आले, तेव्हा तुम्ही खड्डा बुजवून घरी आला होतात.

राग गेला असला तर चार ओळी लिही. नसला गेला तरी लिही.

तुझी,
डिम्फनाताई

*

घर,
४ मार्च

ती. डिम्फनाताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र गोठ्यात बसून वाचलं. घरात आई होती म्हणून, आणि तोंड कुणाला दाखवायचं नव्हतं म्हणूनही. मी गाढव आहे. हे स्वहस्ते लिहून देतोय, जपून ठेव. पुन्हा मिळायचं नाही.

माझी माहिती दिलीस त्यात काय बिघडलं? चौदा गायी, एक म्हातारी आई, शनिवारी दोन ग्लास काळी बिअर. लंडनच्या सरकारने खुशाल भिंतीवर लावावी. कुणी बायको शोधून देणार असेल तर आणखी माहिती पुरवतो.

पण ताई, हे आता इथेच सोड. तू तिथे नोकरी करतेस. आपली निम्मी आळी दर उन्हाळ्यात त्याच बंदरावरून जाते-येते. आणि गाव तुला ठाऊक आहे. पोलिसांनी खोलीत बसवलं एवढं कळायची खोटी, की मिसेस पॅडन पोस्टाच्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून सांगत सुटेल की काहीतरी असल्याशिवाय का धरतात? बोट चुकली हेच बरं आहे. लोक तुला वेंधळी म्हणतील, म्हणू देत. तशी तू आहेसच.

टेलिफोनच्या अर्जाला पाचवं वर्ष लागलं. अख्ख्या इंग्लंडला एकमेकांशी जोडून देणाऱ्या बाईच्या घरी फोन नाही, ही गोष्ट मी त्या खात्याला कळवली. उत्तर नाही.

आईचा गुडघा दुखतो, बाकी ठीक. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझा,
फिंटन

*

कॉव्हेंट्री,
२७ मे

चि. फिंटनस, अनेक आशीर्वाद.

तू सोड म्हणालास आणि मी सोडलं नाही. आता ऐक, आणि वाचताना कपाळाला आठ्या घालू नकोस.

मी बंदराच्या पोलिसांना लिहिलं, मला का थांबवलंत एवढंच सांगा. तिथून काही आलं नाही, म्हणून लंडनच्या खात्याला लिहिलं. त्यांचं उत्तर फार गोड आहे. तुम्हाला अटक झालेली नव्हती, त्यामुळे तुमच्याबाबत कळवण्यासारखं काही नाही, आणि कारण देणं कायद्याने बंधनकारक नाही. खाली मोठ्या माणसाची छोटी सही.

ते घेऊन मी आमच्या भागाच्या खासदारांकडे गेले. ट्रँटर म्हणून आहेत. काडीसारखा इंग्रज, सदा खोकल्याची गोळी तोंडात. मला वाटलं, आयरिश बाई बघून दारातूनच वाटेला लावतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले की एकट्या बाईची तक्रार ड्रॉवरमध्ये मावते. तुम्हाला का थांबवलं हे विचारू नका, किती जणांना थांबवतात ते विचारा. मग त्यांनी समजावलं. किती जणांना अटक झाली याचे आकडे सरकार छापतं. पण रांगेतून बाहेर काढलं, खोलीत बसवलं, बापाच्या मातीला मुकवलं आणि जा म्हणाले, अशांचा आकडा कुठेच नाही. फिंटन, म्हणजे बघ, जो सुटला तो त्यांच्या लेखी कधी थांबवलाच गेला नव्हता! मला त्या खोलीत बसून जेवढा राग आला नव्हता तेवढा हे ऐकून आला.

मी काही आंधळी नाही. दहा वर्षांपूर्वी शेजारच्या शहरात आपल्यातल्या बंडखोरांचे बॉम्ब फुटले, त्यात आमच्या एक्स्चेंजमधल्या एकीची बहीण गेली. एकवीस वर्षांची होती. तेव्हापासून आपली माणसं इथे बसमध्ये हळू आवाजात बोलतात, आणि ती बाई मात्र रोज माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून मला डब्यातलं देते. बॉम्ब ठेवणाऱ्याला पकडू नका असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? मी म्हणते, थांबवा. पण थांबवलंत तर थांबवलं म्हणा. किती जणांना, कशासाठी, आणि त्यातून निघालं काय, हे सांगा. आपण एक कोकरू विकलं तरी बाजारात सांगावं लागतं ना?

हे शेजारच्या खुर्चीतल्या त्या बाईलाही सांगितलं. तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, विचार.

आईला माझा नमस्कार. तुला रागवायचं असेल तर पानभर रागव, अर्ध्यावर भागवू नकोस.

तुझी,
ताई

*

घर,
२२ जुलै

ती. ताईस, सा. न. वि. वि.

पानभर रागवायची संधी एंडाने हिरावून घेतली. आपला चुलतभाऊ ल्यूटनहून सुट्टीवर आलाय. तुझ्या उचापतींची बातमी तिथल्या बांधकामावरही पोचली म्हणे. रविवारी जेवायला आला आणि बेकन-कोबीचं ताट पुढे येताच सुरू झाला की डिम्फनाला आवरा. एकटी बोंब मारते आणि उद्या आम्हा सगळ्यांना रांगेतून बाहेर काढतील. तिला खोलीत बसवलं तर बसवलं, सोडलं ना? मी टेबलाखालून लाथ मारली, पण ती कुत्र्याला लागली.

आईच्या हातात डाव तसाच राहिला. कोणती खोली, एवढंच तिने विचारलं. मग मला सांगावं लागलं.

तिने एंडाच्या पुढ्यातलं ताट उचललं, कोट घातला आणि एकटी कब्रस्तानात गेली. परत आली तेव्हा माझ्याकडे कागद मागितला. दोन दिवस लिहीत होती. मला वाचू दिलं नाही. सोबत तिचं पत्र आहे.

मी अजूनही म्हणतो, जपून. पण सोड म्हणत नाही.

तुझा,
फिंटन

*

चि. डिम्फनास, आईचे आशीर्वाद.

माझं अक्षर वाईट आहे, सावकाश वाच.

तू माझ्याशी खोटं बोललीस. बोट चुकली म्हणालीस. पाच महिने मी मनात धरून होते की माझी पोरगी बापासाठी धावली नाही. हे ओझं तू मला दिलंस, वर म्हणे आईला त्रास नको. आईला त्रासाची सवय असते. पुन्हा असं करशील तर याद राख.

आता माझं ऐक. त्या दिवशी फादर लाव्हेलना मी सांगितलं की पेटी खाली सोडू नका, माझी मुलगी येतेय. भला माणूस. त्याने प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हटली. मग आणखी एक म्हटली. पाऊस लागला. खांदेकरी गारठले. ग्लेनकासलहून आलेली म्हातारी माणसं भिजत होती. शेवटी मीच मान हलवली. तुझ्या बापाला तुझ्याशिवाय खाली सोडा म्हणून मी मान हलवली, डिम्फना. ते मला त्या लोकांनी करायला लावलं.

तू मोठमोठं विचारतेस असं फिंटन म्हणतो. किती जण, कुठला कायदा. ते विचारच. पण माझ्याकडून एक साधी गोष्ट विचार. माझी मुलगी तिथे बसली तेवढ्या वेळात त्यांना काय मिळालं? काहीतरी मिळालं असेल तर मला कळवावं. मी समजून घेईन. काहीच मिळालं नसेल तर तेही लिहून कळवावं.

एंडाचं मनावर घेऊ नकोस. तो लहानपणापासून भित्रा. गाईचं शिंग दिसलं की झाडावर.

थंडीची बनियन घालत जा. देव तुझ्या पाठीशी आहे, आणि मीही आहे.

तुझी,
आई

*

कॉव्हेंट्री,
१८ नोव्हेंबर

ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार, चि. फिंटनला आशीर्वाद.

आई, तुझं पत्र इतकं वाचलं की घडीवर फाटायला आलंय. चूक झाली. पुन्हा नाही.

संसदेत ट्रँटरसाहेबांनी प्रश्न विचारला. मंत्र्यांचं उत्तर आलं की ही माहिती एकत्रितपणे उपलब्ध नाही आणि ती गोळा करायला येणारा खर्च अवाजवी होईल. साहेब म्हणाले की या उत्तराचा अर्थ पुन्हा विचारा. त्यांनी पुन्हा विचारलं. तेच उत्तर, फक्त शब्दांच्या जागा बदलून.

मग मी इथल्या आपल्या चर्चमध्ये फादरना विचारून मिस्सानंतर हॉल मागून घेतला. साठ-सत्तर माणसं आली. बहुतेक चहासाठी. मी उभी राहिले आणि माझी गोष्ट सांगितली, आणि मग विचारलं की आणखी कुणाला थांबवलंय का. फिंटन, तुला सांगते, कुणी हात वर करेना. बायका पर्सचे बंद मोजायला लागल्या. पुरुष टोप्या न्याहाळायला लागले. मला वाटलं, झालं, एंडा जिंकला.

तेव्हा मी आईचं पत्र काढलं आणि प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून म्हटली तिथपर्यंत वाचलं. पुढे मला वाचवेना. मागच्या रांगेतून टिमोनी म्हणून एक म्हातारे सुतार उठले. चाळीस वर्षं इथे आहेत, कधी कुणाशी वर मान करून बोलले नसतील. म्हणाले की मला दर खेपेला थांबवतात. दर खेपेला. मी बायकोलाही सांगितलेलं नाही. शेजारी बायको बसली होती. तिने त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाली की मलाही थांबवलं होतं, बहिणीच्या लग्नाला जाताना, मी तुम्हाला सांगितलं नाही.

मग हॉलला तोंड फुटलं. एक नर्स, तिची परीक्षा बुडाली. एक बाप, त्याच्यासमोर पोराच्या बाहुल्याचं पोट उसवलं. एकजण म्हणाला, मला वाटायचं माझ्यातच काहीतरी संशयास्पद आहे. इतकी वर्षं प्रत्येकजण हेच समजून गप्प होता. प्रत्येकाला वाटायचं आपण एकटेच.

त्या सगळ्यांनी आपापल्या खासदारांना लिहिलंय. या कायद्याचा आढावा घ्यायला सरकारने एक निवृत्त न्यायाधीश नेमलेत. ते वसंतात इथे येणार आहेत. मी बोलायला नाव दिलंय. एक्स्चेंजच्या साहेबांनी बोलावून विचारलं की नोकरीचा विचार केलाय ना. मी म्हटलं, केला, म्हणूनच रजेचा अर्ज आधी आणलाय.

तुमची,
डिम्फना

*

घर,
९ डिसेंबर

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र आईने मला मोठ्याने वाचायला लावलं, आणि मग मिसेस पॅडनला बोलावून तिच्यासमोर पुन्हा वाचायला लावलं. पोस्टाच्या खिडकीचं तोंड एकदाचं आपल्या कामाला लागलं म्हण. आता दुकानात लोक मलाच थांबवून सांगतात की आम्हालाही अडवलं होतं. फादर लाव्हेलनासुद्धा, गळ्यातल्या पांढऱ्या पट्टीसकट!

एंडाने पत्र पाठवलंय. त्यालाही दोनदा बसवलं होतं. म्हणून तो ओरडत होता. आईने त्याला मोजे विणायला घेतलेत.

न्यायाधीशासमोर भरभर बोलू नकोस. तुला राग आला की तू भरभर बोलतेस आणि मग आम्हालाही कळत नाही, तो तर इंग्रज.

तुझा,
फिंटन

*

कॉव्हेंट्री,
१७ मार्च १९८५

ती. आईस नमस्कार, फिंटनला आशीर्वाद. आज आपल्या आयरिश संताचा सण, आणि मी कोटाला हिरवी पानं लावून बसमध्ये मोठ्याने बोलत आले.

सावकाश बोलले रे बाबा. टाऊन हॉलमधलं लांबलचक टेबल, पलीकडे न्यायाधीश, पांढरे केस आणि कानात यंत्र. त्यांच्या शेजारी खात्याचा एक अधिकारी. मी झालं ते सांगितलं. न्यायाधीशांनी विचारलं की तुम्हाला काय हवंय, माफी का? मी म्हटलं, नाही. ज्यांनी माफी मागायची त्यांना मी आठवतही नसेन. मला मोजणी हवी. ज्याला थांबवाल त्याला एक चिठ्ठी द्या, कोणत्या कायद्याखाली थांबवलं आणि त्याचे हक्क काय ते त्यात असू दे. आणि दर काही महिन्यांनी सांगा, किती जणांना थांबवलं आणि त्यातल्या किती जणांवर खटला भरला.

अधिकारी म्हणाले की असे आकडे जाहीर केले तर शत्रूला फायदा होईल, आम्ही किती जणांना थांबवतो ते त्याला कळेल. मी म्हटलं, साहेब, ज्याला थांबवता त्याला कळतंच की आपल्याला थांबवलं. आमच्या हॉलमध्ये सगळ्यांना कळलं. ज्यांना कधीच थांबवत नाहीत त्यांनाच तेवढं कळत नाही. न्यायाधीशांनी यंत्र नीट बसवलं आणि ते पुन्हा सांगायला लावलं.

मग आई, मी तुझा प्रश्न तुझ्याच शब्दांत वाचला. तेवढ्या वेळात त्यांना काय मिळालं. न्यायाधीशांनी अधिकाऱ्यांकडे बघितलं. ते म्हणाले की वैयक्तिक प्रकरणावर भाष्य करण्याचा प्रघात नाही. न्यायाधीशांनी तुझा प्रश्न लिहून घेतला. बाकीचं त्यांचा कारकून लिहीत होता, हे मात्र त्यांनी स्वतः लिहिलं.

बाहेर आले तर पायऱ्यांवर टिमोनी दांपत्य उभं. आत जायला घाबरले होते, पण थर्मासमधून चहा आणला होता. पायऱ्यांवर बसून प्यायलो.

काय होईल सांगता येत नाही. होईस्तोवर विचारत राहायचं असं ठरवलंय.

तुमची,
डिम्फना

*

घर,
१२ मे १९८६

ती. ताईस, सा. न. वि. वि.

परवा पोचलो. एक बोट उशिरा. घाबरू नकोस, मजेत आहोत. सगळं क्रमाने सांगतो, नाहीतर आई सांगेल आणि तिच्या गोष्टीत ती फारच उंच झाली आहे.

तुझं जानेवारीतलं पत्र आलं, की न्यायाधीशांचं म्हणणं सरकारने मानलं आणि नव्या वर्षापासून प्रत्येक बंदरावर प्रत्येक अडवणुकीची मोजणी होणार, चिठ्ठी मिळणार. तेव्हाच आईने डोक्यात घेतलं होतं. जन्मात समुद्र न ओलांडलेली बाई एकदम म्हणते की मला डिम्फनाकडे जायचंय. मी समजलो, लेकीची आठवण. वाटेत बोटीवर कळलं. म्हणे, आता मोजतायत ना? मग मला मोजू देत.

जाताना कुणी विचारलं नाही, हे तुला माहीत आहे. तुझ्याकडे आठवडाभर ती त्याबद्दलच कुरकुरत होती. येताना पुन्हा त्याच बंदरावर ती छाती काढून रांगेत उभी. टेबलामागच्या बाईने तिच्याकडे बघून गोड हसून आजी सावकाश जा म्हटलं. आईचा चेहरा बघायला हवा होतास. आणि माझ्याकडे बघून ती बाई म्हणाली की तुम्ही जरा इकडे या.

मी आत. बाहेर काय झालं ते नंतर लोकांनी सांगितलं. आईला सांगितलं की तुम्ही बोटीवर चढा, ते येतील. ती म्हणाली की मी एकदा वाट बघणं सोडून मान हलवली होती, आता नाही हलवणार. आणि दाराशी बाकावर बसून माळ काढून रोझरीचा जप सुरू केला. मोठ्याने. आपल्या गावच्या आवाजात. रांगेतल्या बायकांना उत्तराच्या ओळी पाठ, त्यांनी धरल्या. मग पुरुषांनी. आत माझ्यासमोरचा अधिकारी प्रश्न विचारतोय आणि भिंतीपलीकडून शंभर माणसांचा हेल मेरीचा जप. तो म्हणाला की हे तुमच्यासाठी आहे का? मी म्हटलं, बहुधा तुमच्यासाठी.

मला कायदा माहीत होता, तू शिकवलेला. उत्तरं दिली. गायी, आई, शनिवारचे दोन ग्लास. मग विचारलं की चिठ्ठी? तो म्हणाला की थोडक्यातच झालं, गरज नाही. ताई, खरं सांगतो, दोन्ही हात मांडीखाली घालून बसलो. आणि म्हटलं की चिठ्ठी मिळाल्याशिवाय मी उठत नाही. इतकी वर्षं तू माझी बहीण, पण तू त्या खोलीत एकटीने काय सोसलंस ते मला त्या खुर्चीत कळलं. तो उठून गेला. कुणाशीतरी बोलून परत आला. चिठ्ठी दिली. सहीसकट.

बोट गेली होती. आई बाकावर बसलेलीच. तिने चिठ्ठी घेतली, चष्मा लावून सगळी वाचली आणि त्या अधिकाऱ्याला म्हणाली की अक्षर माझ्यापेक्षा वाईट आहे, पण बरं झालं लिहिलंत. मग आम्ही दोघांनी मासे-बटाटे खाल्ले.

टेलिफोन लागला! खांबावर कावळा बसलाय, अजून आवाज येत नाही. तोवर पत्र लिहीत राहा.

तुझा,
फिंटन

ता. क. चि. डिम्फना, मला मोजलं नाही. माझ्यात काय कमी आहे? पुढच्या वेळी काळी शाल घेऊन जाईन. आई.

*

कॉव्हेंट्री,
२ नोव्हेंबर १९८६

ती. आईस शिरसाष्टांग नमस्कार, चि. फिंटनला अनेक आशीर्वाद.

आकडे आले. ट्रँटरसाहेबांनी छापील पान स्वतः घरी आणून दिलं. पहिल्यांदा खोकल्याची गोळी काढून ठेवून बोलले. मी ते स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच वाचलं.

सहा महिन्यांत सगळ्या बंदरांवर मिळून थांबवलेल्यांची संख्या पाच आकडी आहे. त्यात अटक झालेला शंभरात एकही निघत नाही. आणि पुढे खटला भरला ती माणसं, आई, एका टॅक्सीत मावतील. तुझ्या प्रश्नाचं उत्तर कुणी तुला पत्राने कळवलं नाही, कळवणारही नाहीत. पण ते आता छापून आलंय, आणि ज्याला वाचायचं त्याला वाचता येतं. आमच्या मुलींनी ते पान जेवणाच्या खोलीत लावलं. जिची बहीण गेली, तिने वर टाचणी मारली. म्हणाली की एवढ्यांना बसवण्यात जी माणसं गुंतली होती, ती खऱ्या गुन्हेगाराच्या मागे गेली असती तर.

फिंटन, त्या मोठ्या संख्येत एक तू आहेस. शेवटच्या आकड्यात बहुधा. मी त्यावर बोट ठेवून बसले होते.

मी त्यात नाही. टिमोनी नाहीत, ती नर्स नाही, एंडा नाही. आमची वर्षं मोजलीच गेली नाहीत आणि आता मोजता येणार नाहीत, असं साहेबांनी हळुवारपणे सांगितलं. मला वाटलं होतं वाईट वाटेल. वाटलंही. कोट घालून तळ्याला एक फेरी मारून आले. येता येता पुढचा प्रश्न सुचला. छापील पानावर थांबवलेले किती ते आहे, पण ते कुठले, हे नाही. आयरिश किती? आणि एक्स्चेंजमध्ये नवीन लागलेली झरीना सांगते की विमानतळावर तिच्या भावाला दर वेळी बाजूला घेतात. तेही किती? साहेबांकडे प्रश्न दिलाय. त्यांनी कपाळाला हात लावला, पण लिहून घेतला. झरीनाच्या भावाला मी सांगितलंय, चिठ्ठी घेतल्याशिवाय उठू नकोस.

नाताळला येते. दुपारच्या बोटीने, त्याच बंदरावरून. दुसरी वाट आहे, पण ती मी घेणार नाही. अडवलं तर उशीर होईल. जेवायला खोळंबू नका, पण दाराला कडी घालू नका.

तुमचा लोभ आहे म्हणून एवढं चालते आहे. तो सरू देऊ नका, एवढंच मागणं.

तुमची,
डिम्फना